नकाराधिकार आहे, तर मग आमसभा कशाला? (टीवाय राज्यशास्त्र, वडोदरा)

वाडीतला
टीवाय बीएला आंतरराष्ट्रीय संघटनांचा पेपर आहे. स्थापना, मुख्यालयं, सदस्यसंख्या तोंडपाठ आहेत. पण 'जागतिक सहकार्यात संयुक्त राष्ट्रांची भूमिका तपासा' असा प्रश्न आला की माझं उत्तर दोन परिच्छेदांत आटोपतं: आधी उद्दिष्टं, मग 'नकाराधिकारामुळे अपयश'. नोट्स गुजरातीत, पुस्तकं इंग्रजीत. हातात सहा आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजार७
गाइड बाजूला ठेवा आणि मूळ सनद उघडा. 19 प्रकरणं, 111 कलमं; एका दुपारी वाचून होते. सगळी कलमं सारख्या बारकाईने वाचायची गरज नाही. 2(7), 10 ते 14, 18, 19, 23 ते 27, 39 ते 42, 51 आणि 108 मात्र पेन्सिल घेऊन वाचा.

मग एकच घटना धरून ही कलमं चालताना बघा. 25 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवरचा ठराव सुरक्षा परिषदेत आला: 11 बाजूने, 1 विरोधात, 3 तटस्थ. विरोधातलं मत रशियाचं, म्हणजे नकाराधिकार असलेल्या कायम सदस्याचं, म्हणून ठराव पडला. दोनच दिवसांनी त्याच परिषदेत, त्याच 11-1-3 मतांनी दुसरा ठराव मंजूर झाला! तो आमसभेचं आणीबाणीचं खास अधिवेशन बोलावण्याचा होता, म्हणजे कार्यपद्धतीचा. अशा ठरावाला कलम 27(2) प्रमाणे नुसती 9 मतं लागतात, तिथे नकाराधिकार चालत नाही. ही वाट 1950 च्या 377 क्रमांकाच्या ठरावाने काढून ठेवलेली आहे. 2 मार्चला आमसभेत 141 बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ. 193 चे दोन-तृतीयांश 129, म्हणून मंजूर.

'मग आमसभा कशाला' याचं उत्तर या तीन तारखांत आहे. तिचा ठराव बंधनकारक नसतो, पण कोण कुणाच्या बाजूला उभं आहे ते चव्हाट्यावर येतं.

रावपुरा_कट्टा
वरचं सगळं बरोबर, शेवटचा हिशेब चुकला. कलम 18 मधले दोन-तृतीयांश हे 'हजर राहून मत देणाऱ्यां'चे. तटस्थ राहणारे त्यात धरत नाहीत. 141 अधिक 5 म्हणजे 146, त्याचे दोन-तृतीयांश 98. निकाल तोच राहतो, पण पेपरात 129 लिहिलंत तर तपासणाऱ्याला कळतं की कलम वाचलेलं नाही.

वाडीतला
मग सुरक्षा परिषदेतही तटस्थ मत धरत नाहीत का?

रावपुरा_कट्टा
तिथे गणित वेगळं. 15 पैकी 9 होकार हा आकडा पक्का आहे. कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो नकाराधिकार होत नाही. हे कलमाच्या शब्दांत नाही, प्रथेने आलं आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1971 च्या नामिबिया प्रकरणातल्या सल्लागार मतात ते मान्य केलं. पण सात जण तटस्थ राहिले तर उरलेल्या आठांनी काही होत नाही. लिबियावरचा 1973 क्रमांकाचा ठराव (17 मार्च 2011, क्रमांकाला वर्ष समजू नका, ही चूक दरवर्षी होते) 10-0-5 ने मंजूर झाला. तटस्थ पाचांत रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील आणि भारत.

ठराव वाचताना क्रियापद बघा. 'डिसाइड्स' (ठरवते) आणि 'कॉल्स अपॉन' (आवाहन करते) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सनदेच्या प्रकरण 7 चा (शांतताभंगावरची कारवाई) उल्लेख आणि 'डिसाइड्स' एकत्र दिसले की समजा, कलम 25 प्रमाणे पाळावंच लागणार.

मांडवी_दरवाजा
फक्त सुरक्षा परिषदेत अडकू नका. प्रत्येक संघटनेला दोन प्रश्न विचारा: मत कसं मोजतात, आणि पैसे कोण देतं?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत एक देश एक मत नाही, कोट्यावर (देशाच्या निधीतल्या वाट्यावर) मत. मोठ्या निर्णयाला 85 टक्के लागतात आणि अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त मतं आहेत; 'नकाराधिकार' हा शब्द कुठेही न लिहिता तो तिथे आहे. 2010 मध्ये ठरलेली कोटा-सुधारणा लागू व्हायला जानेवारी 2016 उजाडलं, कारण अमेरिकी काँग्रेसची मंजुरी अडली होती. जागतिक आरोग्य संघटनेत सदस्यांची ठरावीक वर्गणी एकूण बजेटच्या पाचव्या भागाहूनही कमी होती. उरलेली ऐच्छिक देणगी, तीही बहुतेक देणाऱ्याने सांगितलेल्या कामालाच. मग प्राधान्य कोण ठरवणार?

जागतिक व्यापार संघटना संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था नाही, इथे हमखास मार्क जातात. देशांमधल्या व्यापारी तंट्यांवरच्या तिच्या अपील मंडळात सात सदस्य असायला हवेत, प्रत्येक प्रकरण तिघे ऐकतात. अमेरिकेने नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर 2019 मध्ये एकच सदस्य उरला. आता हरलेला देश अपील करतो आणि निकाल तिथेच लटकतो. 'संघटना अपयशी' असं लिहिण्याऐवजी हा बिघाड नेमका कुठल्या खिळ्याशी आहे ते लिहा.

दांडियाबाजार७
129 ची चूक मान्य. मतदानाचे तक्ते संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत फुकट मिळतात, ठरावाच्या क्रमांकाने शोधा. आठवड्याला दोन ठराव, प्रत्येकी अर्धं पान, स्वतःच्या मराठीत. सहा आठवड्यांत बारा होतील, पेपरात तीन-चार वापरले तरी पुरे.

पहिला ठराव गावातलाच घ्या. सयाजीराव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे त्या हंसा मेहता मानवी हक्क आयोगावर होत्या. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं ते त्यांच्या आग्रहाने. हा जाहीरनामा म्हणजे आमसभेचा ठराव 217, 10 डिसेंबर 1948: 48 बाजूने, विरोधात कोणी नाही, 8 तटस्थ. त्या आठांत सोव्हिएत गट होता, सौदी अरेबिया होता आणि दक्षिण आफ्रिकाही. तिघांची कारणं वेगवेगळी. तीन ओळींत मांडून इथे टाका, तपासून देतो.