'तालीम-ए-बालिग़ां'मधली ती मडकी

हर्णैकर: आजीची बहीण कराचीला असते. ख्वाजा मोईनुद्दीन यांच्या 'तालीम-ए-बालिग़ां', म्हणजे 'प्रौढशिक्षण', या उर्दू नाटकातल्या मडक्यांबद्दल ती नेहमी बोलते. काय आहे ते?

राजापूरची बाई: अरे, मडक्यांवर जिनांची तीन तत्त्वं लिहिलीयत: इत्तेहाद, तंजीम, यकीन-ए-मोहकम, म्हणजे एकी, शिस्त आणि पक्का विश्वास. आणि मडकी फुटकी! लेखक दख्खनच्या हैदराबादहून कराचीला गेलेले, त्यामुळे ते फार लागतं मला. आणि नाटक प्रौढांच्या वर्गाचं; साक्षरता वर्गात मीही मासळी सुकवणाऱ्या बायकांना शिकवायचे. बोटांना खवलं चिकटलेली, पेन्सिल निसटायची. एकीने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं आणि पाटीवर पदर ओढला. प्रौढांचा वर्ग असाच असतो रे, नाजूक.

हर्णैकर: आभार, बाई. नाटकात शिकवणारा मौलवी कोण झालाय?

राजापूरची बाई: महमूद अली. न्हावी झालेत काझी वाजिद. आजीसोबत बस बघायला, उर्दू ती समजावेल.