औषधांना दाद न देणारा क्षयरोग: उपकेंद्राने नेमके काय करावे?

प्रश्न (समुदाय आरोग्य अधिकारी, खानापूर तालुका, जि. सांगली)

नमस्कार. आमच्याकडची बरीच कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त परराज्यांत असतात आणि कोणी आजारी पडले की गावी परततात. अशा एका रुग्णाच्या थुंकीच्या ट्रूनॅट तपासणीत (क्षयजंतू ओळखणारी जनुकीय चाचणी) रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला प्रतिरोध आढळला. उपचार जिल्हास्तरावर सुरू झाले असून पुढची औषधे आता आमच्या देखरेखीखाली द्यायची आहेत. प्रशिक्षणात एमडीआरची (रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग) व्याख्या आम्ही सर्वांनी शिकलो आहोत. तरीही आशाताई घरी जायला घाबरतात, एक सहकारी रुग्णाची भांडी वेगळी ठेवायला सांगतात आणि कापडी मास्क पुरेसा आहे असे काहींना वाटते. ‘त्यानेच आधी गोळ्या बुडवल्या असतील’ असेही बोलले जाते, आणि ते मला फार खटकते. यातले योग्य काय, आणि उपचार सुरू असताना आम्ही कशावर लक्ष ठेवावे?

उत्तर १ (वैद्यकीय अधिकारी, सातारा जिल्हा)

मॅडम, ‘गोळ्या बुडवल्या असतील’ या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. अर्धवट उपचारांतून प्रतिरोध निर्माण होतो हे खरे. परंतु ज्याने आयुष्यात क्षयरोगाची एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही दुसऱ्याच्या खोकल्यातून थेट प्रतिरोधी जंतूंचाच संसर्ग होऊ शकतो. म्हणूनच ‘पूर्वी उपचार घेतले होते का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच पाहिजे, मात्र ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून प्रतिरोधाची तपासणी टाळता येत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात, प्रतिरोध दिसत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांवर रिफॅम्पिसिनचा निकाल काही तासांत कळतो. पण त्यात प्रतिरोध नाही म्हणजे सर्व औषधे लागू पडतील, असा अर्थ काढू नये. आयसोनियाझिड आणि फ्लुरोक्विनोलोन गटासाठी ‘लाइन प्रोब अ‍ॅसे’ (एलपीए) ही वेगळी चाचणी लागते. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: लांबलेल्या खोकल्यावर थुंकी न तपासता याच फ्लुरोक्विनोलोन गटातले लेव्होफ्लॉक्सासिन लिहून देण्याची सवय घातक आहे. रुग्णाला काही दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि पुढे ज्या औषधावर भिस्त ठेवायची, त्यालाच प्रतिरोध निर्माण होण्याचा धोका राहतो.

भांडी वेगळी ठेवण्याची गरज नाही. हा रोग हवेतून पसरतो. रुग्णाने साधा सर्जिकल मास्क लावावा आणि कर्मचाऱ्याने चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ वापरावा. कापडी मास्क कर्मचाऱ्याचे रक्षण करत नाही. रुग्णाशी बोलताना खिडकीतून येणारा वारा आपल्याकडून त्याच्याकडे आणि पुढे बाहेर जाईल, अशी बैठक असावी.

उत्तर २ (वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, मिरज)

ताई, आधी निक्षय आयडी (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) पाहा. परराज्यात नोंद झाली असेल, तर नवी नोंद न करता तीच आपल्याकडे वर्ग करून घ्या, म्हणजे आधीची औषधे आणि अहवाल समोर येतात. ऊसतोड हंगामात आम्हाला हेच काम उलट दिशेने करावे लागते: टोळी परतण्याआधी रुग्णाची नोंद त्याच्या मूळ जिल्ह्याकडे वर्ग करावी लागते. पोषण आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात, तेव्हा बँक खात्याची नोंदही त्याच वेळी तपासा.

बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा नवा उपचार असेल, तर केवळ ‘गोळी घेतली का?’ एवढे विचारून थांबू नका. पायांत मुंग्या येतात का, जळजळ होते का, अंधुक दिसते का, रंग ओळखताना गोंधळ होतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा; लिनेझोलिडमुळे नसांवर, दृष्टीवर आणि रक्तावर परिणाम होऊ शकतो. बेडाक्विलीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनमुळे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याची शक्यता असल्याने ईसीजीची तारीख चुकवू नये. त्रास लपवून रुग्ण स्वतःच एखादी गोळी बंद करतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून तक्रार ऐकताच वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

उत्तर ३ (अधिपरिचारिका, सांगली)

थुंकीचा नमुना बंद खोलीत किंवा शौचालयात घेऊ नये. मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून द्यायला सांगावे. आशाताईंची भीती रास्त आहे, आणि एन-९५ हातात न देता त्यांना घरी पाठवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांची आणि तुमची स्वतःचीही लक्षणे नियमित तपासली जावीत.

घरातील सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. मात्र नेहमीच्या क्षयरुग्णाच्या घरी देतात तशी आयसोनियाझिडची प्रतिबंधक गोळी इथे सरसकट सुरू करू नका. प्रतिरोध कोणत्या औषधांना आहे यावर तो निर्णय ठरतो. तो जिल्हा क्षयरोग केंद्राकडूनच घ्यावा.