मदत हवी आहे: बाबांच्या हृदयात गुठळी, लहान छेदाची शस्त्रक्रिया करावी का?

नमस्कार मंडळी,

बाबा ६३ वर्षांचे. गेल्या महिन्यात अटॅक आला. पित्त समजून रात्रभर सोडा घेत बसले, सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी) स्टेंट बसला, पण हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं आहे.

दहाव्या दिवशी टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या टोकाशी गुठळी दिसली. तिथला स्नायू हलतच नाही, म्हणून रक्त साचून गोठतं, असं डॉक्टरांनी समजावलं. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी गोळी) सुरू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) २ ते ३ च्या दरम्यान ठेवायला सांगितलाय. (पालेभाज्यांनी या गोळीचा असर कमी होतो म्हणून आईने मेथी-पालक पूर्ण बंद केलं होतं. बंद नको, रोजचं प्रमाण सारखं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले.)

परवाच्या इकोच्या वेळी डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. प्रत्येक ठोक्याला गुठळी देठावरच्या कळीसारखी डुलत होती. तेव्हापासून झोप नाही. सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात.

आमचे कार्डिओलॉजिस्ट म्हणतात, बऱ्याच जणांची गुठळी गोळ्यांनी तीन ते सहा महिन्यांत विरघळते, थांबू. सर्जन म्हणतात, हलणारी आहे, काढलेली बरी. छातीचं हाड न कापता उजव्या बरगड्यांमधून लहान छेद घेऊन, कॅमेऱ्याच्या मदतीने मायट्रल झडपेतून (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप) खाली पोचायचं, म्हणजे आधीच दुबळ्या झालेल्या स्नायूला चीर द्यावी लागत नाही. ऐकून हायसं वाटलं. मग कळलं की हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनभर हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) लागणारच, हृदय काही वेळ थांबवणारच. म्हणजे छेद लहान, ऑपरेशन मोठंच. जांघेतून नळी घालून गुठळी ओढून घेता येत नाही का, हेही विचारलं. ते मुख्यतः हृदयाच्या उजव्या बाजूच्या गुठळ्यांसाठी वापरतात म्हणे.

तुमच्या घरी कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली आहे का? पंपिंग इतकं कमी असताना मशीनवरून बाहेर येताना त्रास झाला का? आयसीयूत किती दिवस गेले? आणि ज्यांनी गोळ्यांवरच थांबायचं ठरवलं, त्यांनी इको किती दिवसांनी केला? बाबांना वॉरफेरिनसोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (याही रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) चालू आहे, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. तिन्ही गोळ्या एकत्र किती दिवस चालल्या, तेही सांगा.

बाबांना अजून सगळं सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, "घरी कधी सोडतायत रे?" गुरुवारी सर्जनना आमचा निर्णय कळवायचा आहे.