टी-७२ चा दारूगोळा बुरुजाच्या मागे नेता आला असता का? (काल्पनिक रूपांतर, १९८५)

मोजपट्टी यांचा प्रश्न

सोव्हिएत रणगाड्यांची जी रूपे कधीच कारखान्याबाहेर पडली नाहीत, त्यांची १:३५ प्रमाणातील रेखाटने करण्याचा मला छंद आहे. सध्या टी-७२ हाती घेतला आहे. या रणगाड्यात तोफेचे २२ गोळे बुरुजाखालच्या (बुरुज म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) फिरत्या तबकात, म्हणजे कॅरोसेलमध्ये, आडवे ठेवलेले असतात आणि कमांडर व गनर जवळजवळ त्या तबकावरच बसलेले असतात. चिलखत भेदले जाऊन आतली दारू पेटली, तर बुरुज उडून बाजूला पडतो. १९९१ च्या आखाती युद्धापासून अशी छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

माझी कल्पना अशी आहे. १९८५ च्या सुमारास निझनी तागीलच्या कारखान्याने टी-७२बी ही सुधारित आवृत्ती घडवताना हे तबक काढून टाकले, सगळा दारूगोळा बुरुजाच्या मागे जोडलेल्या पेटीत नेला, पेटी आणि माणसे यांच्यामध्ये पोलादी भिंत घातली, आणि स्फोटाचा दाब वरच्या वर निघून जावा म्हणून पेटीच्या छताला सुटी झाकणे बसवली, असे समजू. अमेरिकेच्या एम-१ रणगाड्यात १९८० पासून बहुतेक दारूगोळा असाच ठेवलेला होता; तेव्हा ही कल्पना त्या काळाला परकी नव्हती. मी स्वतःवर तीन बंधने घातली आहेत: वजन ४६ टनांच्या आत राहावे, हलची, म्हणजे बुरुजाखालच्या धडाची, लांबी बदलू नये, आणि १९९० पर्यंत सोव्हिएत संघात अस्तित्वात नसलेला एकही भाग वापरू नये.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मागच्या पेटीमुळे बुरुजाचा तोल बिघडेल का? दोन तुकड्यांत येणारा १२५ मिमी गोळा मागून भरता येईल का? आणि तबक गेल्यावर मोकळी होणारी जागा कशासाठी वापरावी?

---

तिरपी पाटी यांचे उत्तर

तोलाची चिंता सोडून द्यावी. उलट पेटीने तोल सुधारेल. टी-७२ च्या बुरुजाचे जाड चिलखत पुढच्या अंगाला आहे, त्यात तोफेचा भार पुढेच पडतो, आणि मागची बाजू तुलनेने पातळ व हलकी आहे. असा पुढे झुकणारा बुरुज उतारावर उभ्या रणगाड्यात फिरवताना यंत्रणेवर ताण येतो. मागे भरलेली पेटी आली की तो ताण कमी होईल.

खरी अडचण आपल्या दुसऱ्या प्रश्नात आहे. १२५ मिमी तोफेचा गोळा आणि त्यामागची दारूची नळी वेगवेगळी येते. तबकात ती एकावर एक ठेवलेली असतात, म्हणून कमी जागेत मावतात, आणि यंत्र त्यांना दोन झटक्यांत तोफेत ढकलते. पेटीत हीच जोडी एकामागे एक ठेवायची म्हटली, तर लांबी एक मीटरहून थोडी अधिक होते. त्यात यंत्रणा, भिंत आणि मागचे चिलखत मिळवले की पेटी इंजिनवरच्या झाकणांवर बरीच बाहेर आलेली दिसेल. एकावर एक ठेवायची म्हटली, तर पेटीची उंची वाढते, आणि टी-७२ ज्यासाठी ओळखला जातो ती सव्वादोन मीटरची ठेंगणी आकृती बिघडते. मी पहिला पर्याय निवडला असता.

याला पूर्वी कोणी हात घातला होता का, हे आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. सायबेरियातल्या ओम्स्क येथे टी-८० या दुसऱ्या सोव्हिएत रणगाड्यावरून घडवलेला ‘काळा गरुड’, म्हणजे ऑब्जेक्ट ६४०, १९९७ मध्ये प्रथम लोकांसमोर आला तेव्हा त्याच्या बुरुजावर जाळी पांघरलेली होती, आणि पेटी मागे असल्याचे जाळीतूनही कळत होते. खारकीवच्या कारखान्याने युक्रेनच्या टी-८४ रणगाड्यावर मागच्या पेटीतून भरणारी यंत्रणा बसवून ‘यातागान’ तयार केला, परंतु त्यासाठी नाटोची १२० मिमी तोफ आणि एकसंध गोळा घेतला; त्यामुळे त्यांनी आपला प्रश्न सोडवला नाही, बगल दिली. हे दोन्ही प्रयत्न सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतरचे आहेत. आपल्या रेखाटनावर १९८५ हे वर्ष लिहायचे असेल, तर एवढे लक्षात असावे.

एक बारीक गोष्ट बहुतेक चित्रकार विसरतात. दारूची नळी जळून जाते, पण तिचा धातूचा बुंधा मागे उरतो. टी-७२ मध्ये तो बुरुजाच्या छतावरच्या मागच्या छोट्या झडपेतून बाहेर फेकला जातो, आणि आपली पेटी नेमकी त्याच वाटेत येते. टी-६४ आणि टी-८० या सोव्हिएत रणगाड्यांत हा बुंधा बाहेर न टाकता रिकाम्या झालेल्या खणात परत ठेवतात. तीच रीत पेटीत वापरावी आणि छतावरची झडप रेखाटनातून काढून टाकावी.

---

दुर्बीण यांचे उत्तर

मला या रूपांतराचा हेतूच पटलेला नाही. बुरुज उडण्याचे सगळे खापर तबकावर फोडले जाते, हे अर्धसत्य आहे. तबक हलच्या तळाशी, जमिनीच्या अगदी जवळ असते. समोरून येणारा गोळा तिथे सहज पोचत नाही. टी-७२बी मध्ये एकूण ४५ गोळे नेता येतात, त्यांतले २२ तबकात. उरलेले २३ हलमध्ये आणि बुरुजात, माणसांच्या पाठीशी, पायांशी, इंधनाच्या टाक्यांना लागून असलेल्या कोनाड्यांत ठेवलेले असतात. चिलखत भेदल्यावर आधी पेट घेण्याचा धोका या सुट्या दारूला अधिक. १९९४-९५ च्या हिवाळ्यात चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझनीत, रशियन रणगाडे मोठ्या संख्येने जळाले, त्यानंतर केवळ तबक भरून निघण्याची सावधगिरी अनेक रशियन दलांनी बाळगली, ती याच कारणाने.

म्हणून १९८५ चे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काल्पनिक रूप म्हणजे त्या २३ गोळ्यांशिवायचा टी-७२बी. त्याला नवे ओतकाम लागत नाही, नवी यंत्रणा लागत नाही. चित्रात तो अगदी नेहमीचा दिसेल, म्हणून कोणाला काढावासा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे टी-७२ च्याच वंशातल्या टी-९०एम मध्ये रशियनांनी काय केले ते पाहावे: तबक जागेवर ठेवले, त्याभोवती संरक्षण वाढवले, आणि सुट्या गोळ्यांपैकी काही बुरुजामागच्या बाहेरच्या पेटीत नेले. त्या पेटीत आतून हात घालता येत नाही. रणगाडा आडोशाला थांबवून, बाहेर उतरूनच ते गोळे तबकात भरावे लागतात. आपल्या कल्पनेचा अर्धा भाग त्यांनी मान्य केला आणि अर्धा नाकारला, असे म्हणता येईल.

तबकाच्या विरोधात माझ्या मते अधिक वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा नसून लांबीचा आहे. चिलखतभेदी बाणासारखा गोळा जितका लांब, तितका त्याचा भेद अधिक; पण तबकाच्या खणाची लांबी ठरलेली असल्यामुळे गोळ्याची लांबीही तिथेच अडते. पुढे अधिक लांब गोळे वापरायचे ठरले, तेव्हा भरण्याच्या यंत्रणेतच बदल करावे लागले. आपण पेटीचे समर्थन या बाजूने केले असते, तर मी कदाचित गप्प बसलो असतो.

आणि रूपांतर करायचेच असेल, तर मागे जाण्याचा गिअर आधी हाती घ्यावा. टी-७२ मध्ये इंजिनच्या दोन्ही बाजूंना एकेक गिअरपेटी आहे, प्रत्येकीत पुढे जाण्याचे सात आणि मागे जाण्याचा एकच गिअर आहे, आणि त्या एका गिअरवर हा रणगाडा ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने मागे सरकतो. दडून गोळी मारायची आणि लगेच मागे हटायचे, ही रणगाड्यांच्या लढाईतली मूळ चाल त्यामुळे अवघड होते. चालकाला एक तर गोगलगायीच्या गतीने मागे यावे लागते, नाही तर वळून शत्रूला पातळ पाठ दाखवावी लागते. हा दोष छायाचित्रांत दिसत नाही म्हणून त्यावर कोणी रेखाटने करत नाही.

---

ओतशाळा यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, मात्र दोघांनीही कारखान्याचा विचार बाजूला ठेवला आहे. सोव्हिएत रणगाड्यांच्या बाबतीत ‘हे शक्य होते का’ या प्रश्नाचे उत्तर नकाशाच्या टेबलावर क्वचितच ठरले. ते बहुधा ‘चालू उत्पादन किती दिवस थांबवावे लागेल’ या हिशेबावर ठरले.

दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ च्या सुधारित रूपाचे, टी-३४एम चे, उदाहरण घ्यावे. टी-३४ ची ख्रिस्टी पद्धतीची स्प्रिंगे हलच्या आत जागा खात होती, बुरुजात दोनच माणसे मावत होती आणि कमांडरलाच तोफ चालवावी लागत होती. हे सगळे दोष १९४१ पूर्वीच ओळखले गेले होते. टॉर्शन बार (स्प्रिंगेऐवजी पिळली जाणारी पोलादी दांडी), तीन माणसांचा बुरुज आणि कमांडरसाठी टेहळणीची घुमटी असलेल्या सुधारित रणगाड्याचा आदेश ५ मे १९४१ रोजी निघाला. २२ जूनला जर्मन आक्रमण झाले, शरद ऋतूत खारकीवचा कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडे निझनी तागीलला न्यावा लागला, आणि सुधारित रणगाड्यासाठी उत्पादन थांबवण्याची चैन कोणालाच परवडणारी नव्हती. म्हणून जुनाच टी-३४ हजारोंच्या संख्येने निघत राहिला. पुढे १९४३ मध्ये टी-४३ तयार झाला. ७५ मिमीचे चिलखत, टॉर्शन बार, तीन माणसांचा बुरुज. तोही नाकारला गेला, कारण कुर्स्कच्या लढाईनंतर गरज अधिक जाड चिलखताची नव्हती, मोठ्या तोफेची होती. परंतु त्याच्या बुरुजाचा आराखडा वाया गेला नाही. टी-३४ च्या बुरुजाच्या कड्याचा व्यास १४२० मिमीवरून १६०० मिमीवर नेला, त्यावर टी-४३ च्या धर्तीचा बुरुज बसवला आणि टी-३४-८५ जन्माला आला. हल, इंजिन, पट्टे जवळजवळ तेच राहिले.

टी-४४ ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यात इंजिन आडवे बसवले, त्यामुळे इंजिनची खोली आखूड झाली, बुरुज मध्यावर सरकला, चालकाची झडप समोरच्या पाटीवरून छतावर गेली. टी-५४ पासून टी-७२ पर्यंतची सगळी घडण इथून सुरू होते. एवढे महत्त्वाचे यंत्र १९४४ मध्ये कुठे तयार होऊ लागले? निझनी तागीलला नव्हे, तर नुकत्याच मुक्त झालेल्या खारकीवला, कारण टी-३४-८५ चा ओघ तोडायचा नव्हता.

आता आपले १९८५. त्या वेळी सोव्हिएत संघ एकाच कुळातल्या १२५ मिमी तोफेचे तीन मुख्य रणगाडे बाळगत होता. खारकीवच्या टी-६४ मध्ये समोरासमोर पिस्टन असलेले टू-स्ट्रोक डिझेल इंजिन, निझनी तागीलच्या टी-७२ मध्ये टी-३४ च्या व्ही-२ इंजिनचाच वंशज, आणि लेनिनग्राडमध्ये आखलेल्या टी-८० मध्ये गॅस टर्बाइन. गोळे भरण्याची यंत्रणा दोन प्रकारची, चाके आणि सस्पेन्शन निरनिराळे. या तीन घराण्यांची परस्परांशी चुरस होती, आणि टी-७२ चे स्थान त्यात ‘स्वस्त, संख्येने निघणारा’ असे होते. निझनी तागीलनेच १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑब्जेक्ट १८७ घडवला. त्याच्या हलचा पुढचा भाग बदलला होता, चिलखत सुधारले होते. तबक मात्र त्यातही होते. तरीदेखील तो महाग व वेगळा ठरला. त्याऐवजी टी-७२बी च्या अंगावर टी-८०यू ची नेमबाजीची यंत्रणा बसवलेला ऑब्जेक्ट १८८ निवडला गेला, आणि तोच १९९२ मध्ये टी-९० या नावाने सेवेत आला. जिथे बदललेला हल नाकारला गेला, तिथे संपूर्ण नवा बुरुज आणि नवी यंत्रणा स्वीकारली गेली असती असे मला वाटत नाही.

त्यामुळे माझी सूचना अशी: हेच रूपांतर टी-७२ वर न करता टी-८० वर करावे आणि कारखाना ओम्स्क दाखवावा. तिथे १२५० अश्वशक्तीचे टर्बाइन १९९० पर्यंत उपलब्ध होते आणि महागड्या प्रयोगांना आश्रय होता. टी-७२ वर आग्रह असेल, तर रेखाटनाखाली ‘एक नमुना’ एवढेच लिहावे.

---

खारे वारे यांचे उत्तर

तबक काढल्यावर उरणाऱ्या जागेचा प्रयोग प्रत्यक्षात भारतात झाला आहे, म्हणून त्याची नोंद करतो. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने टी-७२ च्या हलवर ‘अर्जुन’ या भारतीय रणगाड्याचा बुरुज चढवून टँक-एक्स तयार केला. १२० मिमीची पेचदार तोफ, गोळे हाताने भरणारा चौथा माणूस, आणि अर्थातच तबक रद्द. वजन ४७ टनांच्या आसपास गेले, म्हणजे मोजपट्टी यांनी घातलेली मर्यादा ओलांडली गेली, आणि लष्कराने तो घेतला नाही. सोव्हिएत हल मुळातच तीन माणसांच्या मापाने बेतलेला आहे. तिथे चौथा उभा करायचा म्हणजे बुरुज उंच आणि रुंद करणे आलेच. तबकाची जागा मोकळी झाली तरी ती उथळ असते, आडवी असते. तिथे ना माणूस नीट उभा राहतो, ना मोठे यंत्र बसते. मला विचाराल तर तिथे फक्त इंधनाची टाकी आणि माणसांच्या पायाखाली सुरुंगापासून बचाव करणारी दुसरी तळपाटी शोभेल. दोन्ही ठेवायचे झाल्यास टाकी पाटीच्या खाली असावी.

आपला ‘अजेय’, म्हणजे भारतीय लष्कराचा टी-७२, ७८० अश्वशक्तीच्या मूळ इंजिनवर चालत आला आहे आणि त्यासाठी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. प्रत्यक्ष जगात टी-७२ चे रूपांतर बहुतेक वेळा असेच, एकेका भागाने होते.

---

मोजपट्टी यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. ओतशाळा यांचा मुद्दा मान्य करून हे रूप ‘एक नमुना’ म्हणूनच दाखवीन, पण हल टी-७२ चाच ठेवीन, कारण टी-८० वर तो ‘काळा गरुड’च दिसू लागेल. दुर्बीण यांचे ऐकून एकूण गोळे पेटीतल्या २२ पुरतेच मर्यादित करतो आणि पेटीचे कारण म्हणून लांब गोळा दाखवतो. इंजिन ८४० अश्वशक्तीचे व्ही-८४ राहील, कारण व्ही-२ च्या वंशातले १००० अश्वशक्तीचे इंजिन माझ्या कालमर्यादेत बसत नाही. आता एकच शंका उरते: पेटी मागे आल्यावर इंजिनच्या झाकणांचे काय?

---

तिरपी पाटी यांचे उत्तर

तोफ समोर असताना पेटी इंजिनच्या झाकणाचा पुढचा भाग झाकेल. देखभालीसाठी बुरुज आडवा फिरवावा लागेल, जे सैन्यात चालून जाते. मात्र मागच्या बाजूच्या रेडिएटरच्या जाळीपर्यंत पेटीची सावलीही जाऊ देऊ नये. व्ही-८४ ला हवा कमी पडली, तर उन्हाळ्यात ते लगेच तापेल. पेटीचा तळ झाकणांपासून किमान एक वीत वर ठेवावा, म्हणजे बुरुज फिरताना ती कुठेही अडणार नाही. शिवाय टी-७२ पाच मीटर खोल पाण्यातून जाताना वापरतो ती श्वासनळी एरवी बुरुजाच्या मागेच बांधलेली असते. ती आता पेटीच्या डाव्या अंगाला, पट्ट्यांनी आवळलेली दाखवावी.