मदत हवी आहे : हिमोग्लोबिन ९.२ आलंय, मुलीला बीफ द्यावं की बेकन?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले, मराठी बोलणारे ख्रिस्ती. घरात मोठ्याचं (म्हणजे बीफ) आणि डुकराचं, दोन्ही मटण चालतं. त्यामुळे खावं की खाऊ नये हा वाद इथे नको, एवढी आधीच विनंती करते. प्रश्न पोरीच्या तब्येतीचा आहे.

मुलगी १६ वर्षांची, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. रोज पहाटे धावायच्या सरावाला जाते. दिवाळीनंतर मैदानाच्या दोन फेऱ्यांतच खाली बसायला लागली. मला वाटलं अभ्यासाचं जागरण होतंय. मग एकदा तिच्या डोळ्यात कचरा गेला म्हणून खालची पापणी ओढून बघितली तर आतली बाजू पांढरीफटक. तसंच बेळगावला नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२, आणि या वयात ते १२ च्या खाली नको. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "मांसाहार करता ना, मग चांगलंच आहे, वाढवा." कुठला आणि किती, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही.

आता घरात दोन मतं आहेत. मिस्टर गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. घरी येताना चोर्ला घाटातून बर्फाच्या डब्यात बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांची, पाकिटं आणतात, पोरीला ते फार आवडतं. त्यांचं म्हणणं, शिजलेल्या १०० ग्रॅम बेकनमध्ये ३७ ग्रॅम प्रोटीन आणि बीफमध्ये २६ च, मग बेकनच देत जा. सासूबाई म्हणतात, रक्त भरायचं तर मोठ्याचंच मटण, आम्ही बाळंतिणीलासुद्धा त्याचाच रस्सा द्यायचो.

मिस्टरांचे आकडे चुकीचे नाहीत, मी पडताळले. पण १०० ग्रॅम शिजलेलं बेकन म्हणजे नक्की किती, ते बघायला परवा नाताळच्या केकसाठी घेतलेला काटा काढला. कच्च्या पट्ट्या १०० ग्रॅम मोजल्या आणि तव्यावर मंद आचेवर ठेवल्या. लोणी कढवावं तशी चरबी सुटत गेली, पट्ट्या आक्रसल्या, कडा वर वळल्या. कागदावर निथळून परत मोजल्या तर ३४ ग्रॅम! म्हणजे ते ३७ ग्रॅम प्रोटीन मिळायला पोरीला जवळजवळ ३०० ग्रॅम कच्चं बेकन खावं लागेल.

म्हणून मी दोन्हीचा हिशोब कच्च्या १०० ग्रॅमवर लावला. बेकन : तळून निथळल्यावर प्रोटीन साडेबारा ग्रॅम, चरबी १४ ग्रॅम, लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. सोडियम आमच्या पाकिटावर ७८० मिलिग्रॅम लिहिलंय. सोडियमची दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमची. ७८० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एका नाश्त्यातच दोन ग्रॅम मीठ पोटात. शिवाय घटकांत आयएनएस २५० आहे, तेच सोडियम नायट्राइट, मांस टिकवायला घालतात ते.

बीफचा हिशोब करताना मी आधी चुकले. नेटवर सापडतात ते आकडे परदेशी गुरांच्या खिम्याचे, त्यात चरबीच १५ ग्रॅम. आपल्याकडे कर्नाटकात २०२१ पासून कायद्याने फक्त १३ वर्षांवरची म्हैस किंवा रेडाच कापता येतो. म्हणजे आपलं मोठ्याचं हे म्हाताऱ्या म्हशीचं, त्याचे आकडे वेगळे. कच्च्या १०० ग्रॅमला प्रोटीन २० ग्रॅम, चरबी दीड ग्रॅमसुद्धा नाही, लोह १.६ मिलिग्रॅम, सोडियम ५० च्या आसपास.

म्हणजे लोह बेकनच्या तिप्पट. पण मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह लागतं असं वाचलं आणि हातपायच गळाले. २० ताटं मटण कुठून खाणार पोर? माझं काय चुकतंय? आणि सासूबाईंना बीपी आहे, त्यांनी बेकन खाल्लं तर चालेल का?

मलप्रभाकाठ :
ताई, तुमचं गणित बरोबर आहे. मी आहारतज्ज्ञ आहे म्हणून थोडं पुढचं सांगते. ३२ चा आकडा धरताना पोटात गेलेल्या लोहातलं साधारण ८ टक्केच रक्तात जातं असं गृहीत धरलेलं असतं, कारण आपलं बहुतेक लोह भाकरी, डाळ, पालेभाजीतून येतं. मटणातल्या लोहाचा मोठा भाग हीम लोहाचा, म्हणजे मांसातून मिळणाऱ्या, सहज शोषल्या जाणाऱ्या लोहाचा. ते १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत शोषलं जातं. दुसरं म्हणजे मटण ताटात असलं की त्याच घासाबरोबरच्या नाचणीतलं, माठाच्या भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून एकदम पाव किलो खाऊ घालण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चारदा ७०-८० ग्रॅम द्या, सोबत नाचणीची भाकरी आणि लिंबू. रक्ताला बी१२ पण लागतं, तेही मोठ्याच्या मटणात चांगलं असतं.

पण ९.२ नुसत्या जेवणाने १२ वर जात नाही. गोळ्या नीट चालू आहेत ना? आणि सासूबाईंना बेकन नको. बीपीच्या माणसाला तेवढं मीठ खरंच जड जातं.

घाटाखालचा :
तुमच्या मिस्टरांची बाजू थोडी घेतो. डुक्कर वाईट नाही, खारवणं वाईट. ताज्या डुकराच्या मटणात बी१ जीवनसत्त्व मोठ्याच्या मटणापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यात ना नायट्राइट ना मीठ. चरबी काढून घ्या आणि आत गुलाबी राहणार नाही असं शिजवा, पट्टकृमीचा (पोटातल्या लांब चपट्या जंताचा) धोका असतो. बेकन सणासुदीला दोन पट्ट्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये खारवलेल्या, धुरावलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलंय. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. १६ वर्षांच्या पोरीला रोजची सवय लावू नका, कळकळीने सांगतो.

चंदगडी :
म्हाताऱ्या म्हशीचं मटण वातड असतंय, पोरं चावून टाकून देतात. कच्च्या पपईचा कीस लावून तासभर ठेवा, मग कुकरला लावा. रस्सा टाकू नका.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. मलप्रभाकाठ ताई, तुम्ही गोळ्यांचं विचारलंत आणि मी मुलीला समोर बसवून विचारलं. शौचाला काळं होतं आणि मळमळतं म्हणून तिने आठवडाभर गोळी घेतलीच नव्हती, उशीखाली ठेवत होती. मला पत्ताच नाही. रडायला आलं.

मलप्रभाकाठ :
तिला रागावू नका, खूप मुली असंच करतात. काळं होणं हे लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर द्या. आधी-नंतर तासभर चहा नको, दूध आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. हिमोग्लोबिन १२ झालं तरी लगेच थांबवू नका, शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी साधारण तीन महिने लागतात. पाळीत रक्त जास्त जातं का आणि जंताची गोळी शेवटची कधी दिली, हे दोन्ही डॉक्टरांना सांगा.

धागाकर्ती :
पाळी सात-सात दिवस चालते तिची, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. सोमवारी परत नेते. काल रात्री जेवणानंतर गोळी माझ्यासमोर घेतली, मळमळलं नाही. मिस्टरांना फोनवर काट्याचा हिशोब सांगितला. ते गप्प ऐकत राहिले आणि म्हणाले, या खेपेला पाकीट आणत नाही.

अजून एक विचारायचं होतं. कोंबडीच्या काळजात लोह भरपूर असतं म्हणतात, पण वासामुळे ती तोंडात घेत नाही. आठवड्यातून एकदा बारीक वाटून मोठ्याच्या खिम्यात मिसळलं तर चालेल का? किती घालू?