प्रॅक्टिसला वाघ, मॅचमध्ये गायब! पोराच्या डोक्यातली भीती कशी काढायची?

अमळनेरी_दादा
मंडळी सल्ला पाहिजे. मी अमळनेरला संध्याकाळी १४ वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, नोकरी सांभाळून, हौस म्हणून. एक डावखुरा पोरगा आहे, लेफ्ट विंगला खेळतो, प्रॅक्टिसला दहातल्या आठ-नऊ पेनल्टी आत टाकतो. मागच्या महिन्यात शाळांच्या स्पर्धेत मॅच पेनल्टीवर गेली, ह्याने बारवरून उडवला आणि आम्ही घरी. खरं सांगतो, मी पण लाइनवरून ओरडलो, सगळ्यांदेखत. तेव्हापासून पोरगा येतो, पळतो, पण बॉल मागत नाही. मुद्दाम डिफेंडरच्या आड जाऊन उभा राहतो म्हणजे कोणी पासच देणार नाही. हे पायाचं दुखणं नाही, डोक्याचं आहे, एवढं कळतंय. जळगावहून कोणी मोटिवेशनल स्पीकर बोलावू का?

भुसावळ_नंबर_वन
स्पीकर नको भो, तासभर टाळ्या वाजतील आणि पोरगा तिथेच. मी बारा वर्षं गोलकीपिंग केलं, एक गंमत सांगतो. २००७ साली इस्रायलच्या संशोधकांनी २८६ पेनल्टींचा अभ्यास केला होता, त्यात कीपर शंभरातल्या ९४ वेळा डावी-उजवीकडे उडी मारतात असं निघालं, आणि खरं तर मधेच उभं राहिले असते तर जास्त अडवल्या असत्या. मग उडी का मारतात? कारण उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात ‘नुसता खांबासारखा उभा होता’. मी पण तेच केलं आयुष्यभर 😄 तुमचा पोरगा पण बॉलला घाबरत नाहीये, तुमच्या ओरडण्याला घाबरतोय. राग मानू नका.

धुळ्याची_ताई
मी कॉलेजला सायकॉलॉजी शिकवते, फुटबॉल नवऱ्यामुळे बघते. वरच्या दादांचं बरोबर आहे. इंग्लंडचं बघा, वर्ल्ड कपमध्ये १९९०, १९९८, २००६, तीनदा पेनल्टीवर गेले, तिन्ही वेळा हरले. त्यांचा गॅरेथ साउथगेट स्वतः १९९६ च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध पेनल्टी चुकला होता, म्हणजे ते ओझं काय असतं त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तो इंग्लंडचा कोच झाल्यावर पिपा ग्रेंज नावाची सायकॉलॉजिस्ट टीमसोबत होती आणि पेनल्टी म्हणजे नशीब हे बोलणंच बंद करून टीमने पेनल्टीचा सराव सुरू केला. नॉर्वेचा गेइर योर्डेट ह्याच विषयावर वर्षानुवर्षं काम करतो, त्याला दिसलं की शिट्टी वाजल्यावर जे घाईघाईत मारून मोकळे होतात ते जास्त चुकतात, आणि त्यात इंग्लंडवाले पुढे! २०१८ ला कोलंबियाला ४-३ ने हरवलं, वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिला शूटआउट विजय. (२०२१ ला युरो फायनलला इटलीकडून परत पेनल्टीवरच हरले, तेव्हा जादू वगैरे समजू नका.)
तुम्ही एवढं करा. प्रॅक्टिसला पोरं पॉइंटवरच उभी असतात ना, धडाधड मारतात. मॅचमध्ये मात्र मधल्या लाइनपासून एकट्याने चाळीसेक मीटर चालत यावं लागतं, सगळे बघतायत, पाय जड झालेत. ते चालणंच शिकवा. शेवटी, दमल्यावर, एकेकाला एकच पेनल्टी. बॉल स्वतःच्या हाताने ठेवायचा, शिट्टीनंतर एक मोठा श्वास, मग पळायचं.

शहाद्याचा_स्ट्रायकर
ताई, पटतं थोडं थोडं. पण आमच्याकडे सातपुड्यातली पोरं अनवाणी खेळतात, उपाशीपोटी मॅचला येतात, त्यांना आधी बूट आणि दोन केळी द्या, मग श्वास मोजायला लावा. आणि ह्या सायकॉलॉजिस्टांचं सगळंच ऐकू नका, १९५८ ला ब्राझीलच्या टीमच्या सायकॉलॉजिस्टने १७ वर्षांच्या पेलेला पोरकट ठरवलं होतं, खेळवू नका म्हणे! कोच फेओलाने ऐकलं नाही, पेलेने फायनलला दोन गोल मारले.

धुळ्याची_ताई
😂 हो, तो आमच्या जमातीवरचा डाग आहे. पण एका टेस्टवर शिक्का मारणं वेगळं, शेजारी उभं राहून मदत करणं वेगळं. केळ्यांबद्दल शंभर टक्के मान्य.

अमळनेरी_दादा
काल करून बघितलं. सुरुवातीला सगळ्यांसमोर बोललो की त्या दिवशी ओरडलो ती चूक माझी. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कोचने असं बोलायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मग चालत येऊन एकेक पेनल्टी. ह्याची पाळी आली, ऊन उतरलेलं, घामाने निथळत होता, बॉल दोनदा फिरवून ठेवला, श्वास घेतला आणि मारला तो पोस्टच्या बाहेरून थेट शेजारच्या कपाशीत. कोणी हसलं नाही. आमचा कीपर, पक्का अहिराणी, ओरडला, ‘कसाले घाबरस रे, गोल तठेच शे!’ मग मात्र तो स्वतःच हसला, कपाशीत शिरला, बॉल शोधून आणला आणि परत पॉइंटवर ठेवला. एकच मारायचा नियम होता, मी काही बोललो नाही. दुसरा आत.
आता रविवारी पारोळ्याच्या पोरांशी मैत्रीची मॅच आहे, पेनल्टीच्या पाचात त्याचं नाव टाकू का अजून थांबू?

भुसावळ_नंबर_वन
आम्हाला काय विचारता भो, त्याला विचारा ना.