प्रीपेड ग्रॅच्युइटीला मराठीत काय म्हणावं? (मामांची वही अडली आहे)

पऱ्हाटी
मंडळी, एका शब्दावर गाडी अडली. माझे मामा दर्यापूर तालुक्यात झेडपीचे मास्तर होते, २०१९ ला रिटायर झाले. मामेबहीण अमेरिकेत असते, तिनं डिसेंबरात मामा-मामीसाठी मायामीवरून निघणाऱ्या क्रूझचं सात रात्रींचं बुकिंग केलं. मामीला इंग्रजी येत नाही म्हणून मामांनी दोनशे पानी वही केली अन् बुकिंगच्या कागदातली एकेक ओळ मराठीत उतरवून रायले, मास्तरच ते, समास पण आखला आहे. पाचव्या पानावर येऊन थांबले. ओळ आहे प्रीपेड ग्रॅच्युइटी.

मामा म्हणे, "माही ग्रॅच्युइटी तं कवाच भेटली, घराच्या स्लॅबात गेली, आता बोटवाल्यायले कुठून देऊ?"

मी समजावलं की मामा ही ती नाही, जेवण वाढणारे, खोली आवरणारे यांची टिप आहे, फक्त निघायच्या आधीच भरायची. माणशी रोजचे १८ डॉलर, दोघांचे सात दिवसांचे २५२. डॉलर ८५ चा धरला तर एकवीस हजारांच्या वर जाते. मामांनी त्याचा कापूस केला. खेड्यातला भाव धरून तीन क्विंटल. "तीन क्विंटल कापूस वाढणाऱ्या पोट्ट्यायले?"

मग मी लिहायला सुचवलं, आगाऊ बक्षीस. तर म्हणे आगाऊ तू हायेस, बक्षीस वक्तृत्व स्पर्धेत भेटते.

बहिणीनं आणखी घोळ केला. ती सांगते आत्ता नाही भरलं तरी चालते, मग रोजच्या रोज खोलीच्या खात्यावर चढत जाईल, अन् ते ऐच्छिक आहे, नको असेल तर काउंटरवर जाऊन काढून घ्या म्हणायचं. आता जे आपोआप चढते अन् काढायला आपल्याला रांगेत उभं राहावं लागते त्याला ऐच्छिक म्हणावं का? पण तो प्रश्न नंतर, पहिले ग्रॅच्युइटीला शब्द सांगा, मामा पेन उघडून बसले आहेत.

सातबारा
शब्द तयार आहे. उपदान. निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांत हाच आहे, मामांच्या स्वतःच्या पेन्शनच्या कागदावर असेल, पाहायला सांगा. आगाऊ नको तर अग्रिम. अग्रिम उपदान. विषय संपला.

पऱ्हाटी
दाखवला. म्हणे "बत्तीस वर्षं पोट्टे शिकवले तवा उपदान भेटलं, इथं सूपाची वाटी ठेवली का भेटते?"

खुरासणी
मामांचं बरोबर आहे जी. खाजगीतलाही १९७२ चा कायदा तसाच होता (२०२५ ला त्याच्या जागी नवी संहिता आली), पाच वर्षं सलग नोकरी लागे, मग प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. म्हणजे आपल्याकडं ग्रॅच्युइटी म्हणजे राबल्याचा हिशेब, नाही दिली तर भांडून घेता येते. अन् मूळ पाहाल तर लॅटिनमधलं ग्रातुस, मनाला आवडलेलं, ज्याचे आभार वाटतात ते. देणाऱ्याच्या मनाचा शब्द आपल्या ऑफिसात आला अन् घेणाऱ्याच्या हक्काचा झाला. बोटवाल्यांनी तो मनाचाच ठेवला पण रक्कम छापून ठेवली. म्हणून तुम्हाला शब्द सापडत नाही, चूक मराठीची नाही.

शुद्धमती
पहिले ते बक्षीस काढा. फारसी शब्द आहे. सावरकरांनी मेयरला महापौर दिला अन् आज सगळे म्हणतात की नाही? तसंच इथं सेवासन्मान म्हणा. सुंदर शब्द आहे, कोणी वापरत नाही म्हणून वाईट ठरत नाही.

सातबारा
सेवासन्मान म्हटलं की शाल अन् श्रीफळ दिसते हो.

खुरासणी
फारसी-अरबी काढायचं तर कागद काढा, शाई काढा, हिशेब काढा, मग मामा लिहिणार कशानं अन् कशावर? अन् शेत मुलाच्या नावानं करताना बक्षीसपत्र चालते ना तुम्हाला, तिथं सब-रजिस्ट्रारला म्हणता का की सन्मानपत्र करा म्हणून.

झाडीची_नाईट
आमच्याकडं, म्हणजे ब्रह्मपुरी-सिंदेवाही साईडला, बिदागी हा शब्द चांगला जिवंत आहे. भजनीबुवाला, कीर्तनकाराला बिदागी. यात अपमान नाही अन् सक्तीपण नाही. पण अडचण अशी का बिदागी निघतानी देतात, बिदा करतानी, शब्दातच थे हाय. आधी देलं तर थो विसार झाला. झाडीपट्टीत नाटकवाल्यायले नाईट ठरवताना विसार देतो आपण, म्हणजे पार्टी दुसऱ्या गावाले नाई जाणार. आता बोटीवरचा वेटर दुसऱ्या गावाले कुठं जाईल, चहूकडून पानी. मग विसार कायचा?

तूरदाणा
टिपला शब्द शोधायची गरजच काय, टिप मराठीच आहे. पाखरू दाणे टिपते, तसा वेटर पैसे टिपून घेतो.

सातबारा
टिप म्हणजे टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस. पहिली तीन अक्षरं. काम तत्पर व्हावं म्हणून आधी द्यायचे पैसे. त्या हिशेबानं प्रीपेड हीच खरी टिप आहे, नंतर दिली ती खोटी.

खुरासणी
ते मागून रचलेलं आहे भाऊ, असे अक्षरांचे खेळ नंतर बसवतात. इंग्रजीतला हा टिप चोरा-भामट्यांच्या बोलीतून वर आला, अर्थ साधा, हातात दे, सरकव. अन् तूरदाणा, टिपणे अन् टिप यांचा काही संबंध नाही, नाहीतर शिंप्याची टीप, पुस्तकाखालची टीप, टिपेचा सूर अन् डोळ्यातली टिपं सगळी एकाच पोत्यात भरावी लागतील.

तूरदाणा
भरा ना. २१ हजार गेल्यावर डोळ्यातून टिपंच येतील.

डावा_ट्रे
आर्वीकडचा आहे, बोटीवर तीन कॉन्ट्रॅक्ट केले, असिस्टंट वेटर होतो, कंपनीचं नाव विचारू नका. तुम्ही शब्द शोधून रायले म्हणून सांगतो तिथं काय चालते ते. मेन डायनिंगमध्ये वेटर अन् असिस्टंट अशी जोडी असते, टेबलं ठरलेली, ज्यांनी ठरलेली वेळ घेतली ते पाहुणे सातही रात्री तेच, दुसऱ्याच रात्री तुम्हाला पाठ पाहिजे की कोणाला बर्फ नको, कोणाच्या पोराला फक्त बटाटा पाहिजे, कोणती आजी मीठ मागते. पहिले पाकिटं होती. आमच्यातले जुने लोक सांगत, शेवटच्या रात्री पाहुणे पाकिटं घेऊन येत, एक वेटरचं, एक असिस्टंटचं, एक हेड वेटरचं, अन् एक खोलीवाल्यासाठी. अन् काही पाहुणे सहा रात्री नाव घेऊन घेऊन बोलत, घरच्या पोरांचे फोटो दाखवत, अन् नेमके सातव्या रात्री वर बुफेत जेवायले जात. टेबल मांडून रिकामं. त्याच्यानंतर हे रोजचं ठराविक निघालं, खात्यावर आपोआप चढणारं, अन् ज्याला पाहिजे त्यानं आधीच भरायचं. त्यात डायनिंगचा वाटा, खोलीवाल्यांचा वाटा, अन् काही वाटा जे पाहुण्याला कधी दिसतच नाही त्यांचा. दारूच्या बिलावर वेगळे अठरा टक्के तिथंच लागतात ते निराळं.

शेवटच्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेससमोर रांग असते, त्यात काही जण काढायलाच आलेले. कोणी म्हणते मी हातात देईन. आमच्या बोटीवर नियम असा होता की ज्या खोलीनं ऑटो काढलं त्या खोलीची हातात आलेली नोट सगळ्यांच्या पूलमध्ये टाकायची, ठेवली तर नोटीस. ऑटो तसंच ठेवून वरून दिलं तर ते आपलं. म्हणून आमच्यात शब्द दोनच, ऑटो अन् कॅश. ऑटो घरी पाठवायचं, कॅश पोर्टवर उतरलं की उडवायचं. ग्रॅच्युइटी कोणी म्हणत नव्हतं.

अन् बक्षीसचं सांगू का, पहिल्या वेळी घरी फोनवर म्हटलं का पगारापेक्षा बक्षीस जास्त भेटते, तर आई गल्लीत सांगून आली पोट्टा बोटीवर पहिला आला म्हणून.

पऱ्हाटी
हे मामांना वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणे सातव्या रात्री आपण टेबलावरच जेवू.

वकिली_चष्मा
ऐच्छिकचा प्रश्न राहिला. आपल्याकडं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलनं बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, ग्राहकाच्या मनावर. हॉटेलवाले कोर्टात गेले, दिल्ली हायकोर्टानं २८ मार्च २०२५ ला सूचना कायम ठेवल्या. म्हणजे आपल्या देशात हो म्हणेपर्यंत नाही, अन् तुमच्या मामांच्या बोटीवर नाही म्हणेपर्यंत हो. त्याला सेवाशुल्क म्हणावं. शुल्क म्हणजे पावती आली, भावना गेली.

झाडीची_नाईट
शुल्क म्हटलं तर काढता नाई येत जी. थे काढता येते म्हणून सांगून रायले ना.

खळ्यावरून
इतकं डोकं खाजवायची गरज नाही, आपल्याकडं शब्द होता. बलुतं. खळ्यावर रास झाली की सुतार, लोहार, न्हावी, कुंभार येत अन् आपलं न्हेत. माझा आजा सुतारकी करायचा. तो म्हणायचा, मी मागायले नाई आलो, न्यायले आलो. वर्षभर वखर-तिफण दुरुस्त करून दिली, हिशेब नाही, पावती नाही, पण माप ठरलेलं, पायली कमी पडली तर बोलायची सोय. ना भीक ना बक्षीस. बोटीवरचं ठराविक टिप म्हणजे डॉलरातलं बलुतंच आहे.

निळी_पाटी
सुताराच्या नातवाला बलुतं गोड लागत असेल. आमच्या घरात त्या शब्दानं अजून तोंड कडू होते. माप ठरलेलं होतं म्हणता, कोणाचं? आमच्या आजीला शिळं अन् उष्टं वरून टाकत, तेही हक्काचंच म्हणत. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकामाच्या, कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं ते कशासाठी? धान्याच्या भीकेवर माणूस बांधून ठेवता येतो म्हणून. ज्याला पगार नीट नाही त्याला दुसऱ्याच्या मनावर सोडायचं अन् वर त्याला छान शब्द द्यायचा. तुम्ही शब्द शोधा, मी म्हणतो पगार द्या अन् शब्दच मिटवा.

सातबारा
तो वतनाचा कायदा मुंबई इलाख्याचा, आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, एवढं लक्षात असू द्या.

निळी_पाटी
शिळं अन्न प्रांत पाहून शिळं होत नव्हतं.

खळ्यावरून
भाऊ तुमचं खरं आहे. मी आजाच्या तोंडचं सांगितलं, आमच्याकडं ताठ मानेनं न्यायचे अन् तुमच्या घरी तसं नसेल हे लिहिताना डोक्यात नाही आलं. शब्द मागं घेतो. पण बोटीवरचे ऑटोवाले पगारातच धरून चालतात हे डावा_ट्रे यांनीच सांगितलं ना, मग ते बक्षीस कसं?

डावा_ट्रे
धरूनच चालतो. ऑटो काढलं तर आम्ही म्हणत होतो पगार कापला. टिप कापली असं कोणी म्हणे नाही.

ज्वारीची_भाकर
मी वाचतच असते, लिहीत नाही, पण सांगते. माझी आजी दिवाळीला सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला), धुणंवालीला जे द्यायची त्याला पोस्त म्हणायची. दिवाळीची पोस्त. ठरलेलं असते, दरवर्षी असते, मागितलं नाही तरी द्यावं लागते, पण पगार नाही. मला वाटते हाच शब्द सगळ्यात जवळचा आहे.

तूरदाणा
पोस्त पुण्याकडचा शब्द आहे ताई. आपल्याकडं नुसतं दिवाळी म्हणतात. "मालक दिवाळी द्या."

ज्वारीची_भाकर
माझी आजी मूर्तिजापूरची होती अन् पुणं तिनं आयुष्यात पाहिलं नाही.

शुद्धमती
पोस्त म्हणजे खसखशीचं बोंड. तोही फारसीच.

झाडीची_नाईट
मामाले वहीत लिहून द्या मंग, प्रीपेड खसखस.

वकिली_चष्मा
सालदाराची पोस्त ही पगाराचा भाग धरायची का यावर माझ्याकडे एक केस होती, वेळ मिळाला की लिहितो.

खुरासणी
लिहा, पण सालदाराचं साल अक्षयतृतीयेला लागते की गुढीपाडव्याला ते पहिले ठरवा, इथं दोन्ही म्हणणारे निघतील.

सातबारा
पाडवा.

तूरदाणा
आखाजी. पाडवा कोणी सांगितला तुम्हाला?

पऱ्हाटी
काल मामांनी न विचारता लिहून टाकलं. वहीत आता असं आहे, "वाढप्यांचे अन् खोलीवाल्यांचे, आधीच दिले." बहिणीला फोन करून भरायलाही सांगितलं, म्हणे शेवटल्या रात्री कोणाकडं खाली मान घालून पाहाचं काम नाई. मामी मात्र ऐकत नाही, तिनं दहा-दहाच्या डॉलरच्या नोटा वेगळ्या मागवल्या आहेत, जो पोट्टा पाणी देईल त्याच्या हातावर ठेवणार म्हणते. तिच्या माहेरी कारंज्याकडं पंगतीत जवायाच्या ताटाखाली नोट ठेवत उष्टं उचलणाऱ्या बाईसाठी, तसं ताटाखाली ठेवू का विचारत होती.

डावा_ट्रे
ताटाखाली नका ठेवू म्हणा, प्लेट थेट आत धुवायला जाते, नोट ओली होईल. हातातच द्या. अन् ऑटो भरलंच आहे तर ती त्याचीच राहील, पूलमध्ये नाही जाणार.

सातबारा
वाढपी पंगतीत असतो. टेबलावर आणून देतो तो वाढपी नाही.

ज्वारीची_भाकर
मग कोण?